मागच्या दाराने येणारे काका

पिस्कॅटवेला आमच्या शेजारी राहणारे काका कायद्याचे प्राध्यापक. यंत्रं माणसांवर नजर ठेवतात तेव्हा कायद्याने काय करावं, यावर ते लिहायचे आणि लिहिलेलं स्वतः पाळायचेही. आम्ही पुढच्या दाराला कॅमेऱ्याची बेल लावली, तेव्हापासून ते लॉनला वळसा घालून मागून यायला लागले. भर बर्फातसुद्धा. त्यांच्यासाठी मला मागची वाटही उपसावी लागायची. मग किचनच्या काचेवर टकटक आणि हाक, "आहात का हो घरात?"

"काका, पुढून या ना, प्लीज!" मी वैतागायचो.

"कॅमेऱ्याला अ‍ॅग्री तुम्ही केलंत. मी कुठे केलंय?" म्हणत ते निवांत चहाला बसायचे.

गेल्या उन्हाळ्यात ते कायमचे दूर शुगर लँडला मुलीकडे निघाले. त्या सकाळी मी ऑफिसात होतो. दारावरची बेल फोनवर वाजली. पाहतो तर आमच्या पुढच्या दारात काका! कॅमेऱ्याकडे बघत, वर्गात बोलावं तसं सावकाश म्हणाले, "निघतो आता. हे रेकॉर्डिंग ठेवायला माझी परवानगी आहे."

आणि ते वळले.

यंदा बर्फ पडला. पुढची वाट उपसून झाली, आणि फावडं घेऊन मी मागे गेलो.