उदबत्तीच्या काडीवरचं दार

“आमच्या सूनबाईला माहेरची ओढ अशी नाहीच,” सासूबाई शेजारच्या मावशींना सांगत होत्या. “पंचमीला जातेस का म्हणून मी आपणहून विचारलं. नको म्हणाली.”

“बरं हाय की मग,” मावशी म्हणाल्या. “आमची थोरली बघा. पंचमी म्हनलं की आठ दिस आधी पिशवी भरून बसती. आन् तिला तरी कशाला नावं ठेवू, मला नातवंडं झाली, तरी शिराळ्याला गेल्याबिगर ऱ्हावत न्हाई.”

दोघी स्वयंपाकघराच्या दारात गवार मोडत बसल्या होत्या. मी शेजारच्या खोलीत, टेबलाखाली, जमिनीवर. त्या काही चोरून बोलत नव्हत्या. सासूबाईंच्या बोलण्यात तक्रारही नव्हती, उलट थोडं कौतुकच होतं. शिकलेली मुलगी, मनाने घट्ट, असं काहीसं. मी हातातलं काम तसंच चालू ठेवलं.

काम म्हणजे कॉम्प्युटरचं दार. कॉम्प्युटरच्या उभ्या डब्याला पुढून धुरकट प्लॅस्टिकचं एक छोटं दार होतं. त्याच्याआड फ्लॉपी घालायची खाच आणि चालू करायचं बटण. दाराला वर आणि खाली अशा दोन बारीक खुंट्या होत्या, त्यांच्यावर ते फिरायचं. खालची खुंटी साताऱ्याला असतानाच मोडली होती. तेव्हा बाबांनी सायकलच्या स्पोकचा तुकडा पकडीत धरून गॅसवर तापवला आणि मोडक्या खुंटीच्या जागी दाबून बसवला. जळक्या प्लॅस्टिकचा वास घरभर झाला. खिडक्या उघडता उघडता ते म्हणाले, “आता हे दार आपल्या दोघांपेक्षा जास्त टिकेल.”

आम्ही दोघंच होतो. आई मी शाळेत असतानाच गेली. बाबांनी निवृत्त झाल्यावर हा कॉम्प्युटर घेतला, माझ्यासाठी म्हणून, पण संध्याकाळी त्याच्यासमोर दोन खुर्च्या असायच्या. वैशाखात माझं लग्न ठरलं तेव्हा तो माझ्याबरोबर सांगलीला जाणार हे त्यांनी मला न विचारताच ठरवून टाकलं. लोक मुलीला कपाट देतात, यांनी डबा दिला, असं मांडवात कुणीतरी म्हणालंच. सासूबाईंनी मात्र त्याला झालरीचा अभ्रा शिवला.

टेंपोतून सामान उतरवलं तेव्हा दार एका खुंटीवर लोंबत होतं. स्पोकचा तुकडा वाटेत कुठेतरी पडला होता. मी गोणपाट झटकलं, खोक्यातले कागद एकेक उलगडून पाहिले. मिळाला नाही.

मग मी देवघरातली काडी घेतली. उदबत्ती जळून गेली की खाली लाल रंगाची काडी उरते ना, ती. ब्लेडने टोक तासून, दोरा गुंडाळून ती भोकात बसवली. दार सरळ उभं राहिलं. पण ती काडी होती. श्रावणातल्या दमट हवेने फुगायची, मग दार अडायचं. दोन दिवस ऊन पडलं की सुकून सैल व्हायची, आणि पंखा लावला की दार टकटक वाजत राहायचं. मी पुन्हा टेबलाखाली बसायचे.

माझे यजमान माधवनगरला एका गिरणीच्या ऑफिसात होते. दमून यायचे, आणि मी जमिनीवर. एकदा ते म्हणाले की काढून टाक ना ते दार, त्याच्यावाचून काय अडलंय? खरं तर काहीच अडलं नव्हतं. दुसऱ्या वेळी म्हणाले, स्पोक आणून देऊ का. मी म्हटलं, राहू दे, मी करते. आमच्याच कोपऱ्यावर सायकलचं दुकान होतं. तिथे खिळ्याला जुन्या स्पोकची जुडी टांगलेली असायची. भाजीला जाताना मी तिच्याकडे बघायचे आणि पुढे जायचे. तो तुकडा बसवला की दार पक्कं होणार, हे मला माहीत होतं. पण मग ते बाबांनी बसवलेलं दार राहिलं नसतं.

पंचमीच्या आधी बाबांचा फोन आला होता. फोन बाहेरच्या खोलीत होता आणि त्या वेळी घरातले सगळे तिथेच चहा पीत होते. घ्यायला येऊ का, असं त्यांनी विचारलं. मुलीला न्यायला भाऊ जातो, पण तुला भाऊ नाही, म्हणून मीच येतो म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर ते घर आलं. लग्नानंतरची पहिली पंचमी, म्हणजे पुरण कोण घालणार, दिंडं कोण वळणार, बाबा शेजारच्या काकूंना जाऊन विचारणार, आदल्या दिवशी स्टुलावर चढून जळमटं काढणार. मी म्हटलं, तुम्ही कशाला दगदग करता.

“बरं,” ते म्हणाले. मग, “दार टिकलं ना गं?”

“हो,” मी म्हटलं. “टिकलं.”

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर सासूबाईंनी विचारलं, जातेस का? मी नको म्हणाले. कशी आहेस, या प्रश्नाला आमच्या शाळेत एकच उत्तर शिकवलेलं होतं, तेही इंग्रजीत, ‘आय ॲम फाइन’, आणि ते मला फार चांगलं येत होतं. पाठवणीच्या वेळीसुद्धा मी रडले नव्हते. सगळ्यांनी ते पाहिलं होतं. शिवाय माहेर हा शब्द मी पुस्तकात वाचलेला. मला ते घरच होतं.

मावशी आदल्या दिवशीच शिराळ्याला गेल्या. तुळशीला पाणी घालायचं मला सांगून गेल्या आणि फाटकापाशी वळून म्हणाल्या, “तू बी जायचीस की गं पोरी. पयली पंचमी.” मी हसले.

पंचमीच्या सकाळी सासूबाईंनी पाटावर चंदनाचा नाग काढला. दूध, लाह्या, आघाडा, सगळं मांडलं. चुलीवर मोदकपात्रात दिंडं वाफवत होती. इचलकरंजीहून नणंदबाई यायच्या होत्या. त्या येणार म्हणून सासूबाई पहाटेपासून इतक्या हलक्या पावलांनी फिरत होत्या, की बघत राहावं. रस्त्यावर रिक्षा वाजली की हातातलं ठेवून खिडकीशी.

मी पंखा लावला आणि दार टकटक करायला लागलं. मग एकदम गळून खाली पडलं. काडी मोडली होती.

मी देवघरातून नवी काडी घेतली, ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि दार मांडीवर घेऊन बसले. पहिली साल निघते न निघते तोच सासूबाई दारात आल्या.

“अगं, ठेव ते. आज काही कापायचं नसतं.”

“काडीच आहे आई.”

“काडी असली म्हणून काय झालं? आज चिरायचं नाही, कापायचं नाही. तवासुद्धा ठेवला नाही मी.” त्यांनी माझ्या हातातून ब्लेड काढून घेतलं, कपाटावर ठेवून दिलं. चिडल्या नव्हत्या. मला खरोखरच माहीत नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. पदराला हात पुसत त्या कॉटच्या कडेला टेकल्या. “तुमच्याकडे काय करायचा गं पंचमीला?”

पंचमीला बाबा राजवाड्यासमोरून लाह्या आणि फुटाणे आणायचे, कागदाच्या पुड्यात. आम्ही पायरीवर बसायचो. समोर अजिंक्यतारा हिरवागार झालेला असायचा. लाह्यांमधले न फुललेले दाणे वेचून बाबा आपल्या तोंडात टाकायचे आणि पुडा माझ्याकडे सरकवायचे. मग आत जाऊन सुरीने टोमॅटो कापायचे, ब्रेड भाजायचे, तव्यावर. असं करायचं नसतं हे आम्हाला सांगणारं घरात कोणी नव्हतं. एवढीच आमची पंचमी.

काही नाही, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. एरवी मी ते दिलं असतं आणि मान खाली घालून काडी तासायला लागले असते. तासता तासता कुणाकडे बघावं लागत नाही. आता हातात काही नव्हतं. मांडीवर दार होतं, त्याच्या खालच्या कोपऱ्यात रिकामं भोक, भोवती बाबांनी दाबलेल्या प्लॅस्टिकची वितळून गोठलेली कड. मी तिच्यावरून बोट फिरवत राहिले.

बाहेर रिक्षा थांबल्यासारखी वाटली. सासूबाईंची मान झटकन खिडकीकडे वळली. रिक्षा पुढे गेली. त्यांनी मान परत फिरवली आणि माझ्याकडे बघितलं, उत्तराची वाट बघत.

“आई, मला साताऱ्याला जायचंय,” मी म्हणाले. “आजच. पहिल्यापासूनच जायचं होतं.”