सगळ्यात सावकाश वाचणारा

भिंगारच्या आमच्या टायपिंगच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला एक गृहस्थ यायचे, ड्रायव्हर सॉफ्टवेअरची फ्लॉपी रुमालात गुंडाळून. नाव मी कधी विचारलंच नाही. काम संपलं तरी ते स्टुलावर बसून आम्हाला न्याहाळत राहायचे. मला अवघडायला व्हायचं.

एकदा नवं डिस्प्ले कार्ड बसवून ते असेच बसले होते. साक्षरता वर्गात नुकत्याच वाचायला शिकलेल्या एक मावशी मुलीची लग्नपत्रिका पडद्यावर अक्षर-अक्षर जुळवत वाचत होत्या. कार्डासोबत आलेल्या सेटिंगप्रमाणे पाच मिनिटांनी पडदा काळा झाला. मावशी घाबरून उठल्या.

"माज्यानं बिघडलं व्हय?"

"न्हाई मावशी, वीज वाचवायला झोपतंय ते. वाचा तुमी निवांत."

असं म्हणत दुरुस्तीवाल्यांनी माऊस हलवून पडदा उजळला आणि मावशींचं वाचून होईपर्यंत मनगटावरचं घड्याळ बघत राहिले. मग सेटिंगमध्ये पडदा झोपायची वेळ पाचाची वीस मिनिटं केली.

"एवढी कशाला?" मी कुरकुरलो.

"एकदा लावलेलं परत कोन बदलतंय? मग सगळ्यात सावकाश वाचणाऱ्याचं बघून लावावं."

आता माझे डोळे थकलेत. नव्या मशीनचा पडदा वाचता वाचता काळा होतो, आणि आपल्याच हातून काहीतरी बिघडलं, असं मला आधी वाटतं.