पॅरिश हॉलच्या भिंतीला देवी

पापडी गावच्या फेलिशिया दिमेलोने एम.एस्सी. केली तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगी औषधं शोधणार. तिच्या नशिबी आला फेस. सत्त्याण्णव साली ती वालीवच्या एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागली. मालक परेशशेठ. त्यांना रंगातलं सगळं कळायचं. तो बनतो कसा, एवढं सोडून.

पाण्यातला रंग मिक्सरमध्ये घुसळला की ताकासारखा फेसाळतो. बुडबुडे राहिले तर वाळलेल्या भिंतीवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. म्हणून त्यात फेस मारायचं औषध घालतात. ते रंगात पूर्ण मिसळलं तर बुडबुडा फुटत नाही, आणि फारच फटकून राहिलं तर रंग त्याच्यापासून दूर पळतो, जागोजागी खळगे पडतात. घरजावयासारखंच, घरात असावं पण फार मिसळू नये.

फेलिशियाने एकेक औषध घालून काचेवर रंग ओढला, वाळवला, भिंगातून पाहिला. काही डबे उबेत ठेवून पंधरवड्याने पुन्हा घुसळले, कारण पडून पडून औषधाचा जोर ओसरतो. शेवटी खनिज तेलाचं एक निवडलं. निम्मं रंगाची पूड दळताना घालायचं, निम्मं शेवटी, हळू ढवळत.

"आणि हे सिलिकॉनवालं?" शेठ म्हणाले. त्याच्या विक्रेत्याने कॅनसोबत मिठाईही दिली होती, म्हणजे माल उत्तमच असणार. "एका थेंबात फेस गायब!"

"फेस जातो शेठ, पण खळगे पडतात."

"तू फार घाबरतेस."

पापडीच्या पॅरिश हॉलची ऑर्डर फेलिशियानेच आणली होती. तो माल बनला त्या दिवशी ती एका बाप्तिस्म्याला गेलेली. शेठनी मिक्सरमध्ये डोकावलं, थोडा फेस दिसला, आणि त्यांनी स्वहस्ते मगभर सिलिकॉन ओतलं. फेस बसला. शेठना आपण शास्त्रज्ञ झाल्याचा साक्षात्कार झाला.

रंग लागल्यावर हॉल कमिटीच्या बॅप्टिस्ट अंकलनी दोघांनाही बोलावलं.

"फेली बाय, भिंतीला देवी आल्या का गं?"

"अंकल, हे टेक्सचर," शेठ पापणी न लववता म्हणाले. "फॉरेनला याचे जास्त पैसे घेतात."

"आम्ही साधा रंग मागितला होता."

फेलिशियाने भिंतीवरून बोट फिरवलं. तिचे कान तापले. गावात शब्द तिने दिला होता. "शेठ, सिलिकॉन किती घातलंत?"

"किती म्हणजे... अंदाजाने."

"अंकल, चूक आमच्या कारखान्याची," ती म्हणाली. "भिंती आम्ही पुन्हा रंगवून देऊ."

शेठ औदार्याने लगेच वरून रंगाचा दुसरा हात मारायला निघाले. तिने अडवलं, खाली सिलिकॉन असेपर्यंत त्या हातालाही खळगे पडणार होते. तिने भिंती घासून साबणाने धुवून घेतल्या, आधी एका कोपऱ्यात रंग लावून पाहिला आणि तो सपाट वाळल्यावरच पुढे जाऊ दिलं. मिक्सर मात्र कितीतरी दिवस रुसून बसला. धुतला तरी नव्या मालात खळगे यायचेच. तेव्हा कुठे शेठनी तो कॅन विक्रेत्याला परत केला. मिठाई अर्थात परत करण्यासारखी उरली नव्हती.

नाताळानंतर त्या हॉलमध्ये फेलिशियाच्या भावाचं, मार्सेलचं लग्न झालं. भिंतीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही, आणि फेलिशियाला एवढंच हवं होतं. शेठ मात्र पाहुण्यांना एकेक करून भिंतीपाशी नेत होते. "फेसाचा अभ्यास लागतो हो," ते सांगत होते. फेलिशियाने ते ऐकलं आणि ताटात आणखी मटण वाढून घेतलं.