आधी पाणी

लातूर नवा जिल्हा झाला, त्या वर्षी मी दर रविवारी उदगीरहून जळकोटच्या एसटीने गावी जायचो. शेजारी बहुतेक वेळा तोच एक माणूस असायचा. पन्नाशीचा, चर्चमधून आलेला, फडक्यात गुंडाळलेलं बायबल मांडीवर. वाटेतल्या एका वस्तीवर तो उतरायचा.

"तिथं कोण असतं तुमचं?" मी एकदा विचारलं.

त्याने आडपडदा ठेवला नाही. मागच्या मोठ्या दुष्काळात तो पाण्याचा टँकर चालवायचा. एकदा त्या वस्तीचा टँकर त्याने लग्नघरी रिकामा केला. वस्तीवरची एक बाई पाण्यासाठी आडात उतरली आणि पडली. तिची कंबर मोडली. ती पुन्हा उभी राहिली नाही.

"वरीसभर तोंड चुकवलं. मग माफी मागायला गेलो. तिनं मला वळखलं. म्हणाली, 'उन्हातून आलास, आधी पाणी पी.' साहेब, तवर मला नुसतं भ्या वाटत होतं. ते पाणी पिताना पस्तावा आला. लई रडलो. पाद्रीसाहेब कृपा कशाला म्हणतात, ते तवा कळलं."

तेव्हापासून दर रविवारी तो तिच्या घरचं पाणी भरत होता.

मला आपल्या हिंदूंचं प्रायश्चित्त तेवढं ठाऊक, पाप केलं की फेडायचं. मी म्हणालो, "म्हणजे अजून फेड चालू आहे."

"न्हाई, साहेब," तो उठत म्हणाला. "माफ तिनं त्याच दिवशी केलं. फेड असती तर कवाच कंटाळलो असतो."