म्हशीवाल्यामागची रांग

कॉलेज संपल्यावर मी आणि माझी मैत्रीण संगमनेरात एका मेडिकलच्या वरची खोली घेऊन सॉफ्टवेअर करायला लागलो. पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते प्रवरेकाठच्या एका गावातलं दूध संकलन केंद्र. शेतकरी दूध आणणार, मशीन फॅट मोजणार, आमचा प्रोग्राम फॅट जास्त तर दर जास्त, असा दर काढून पावती छापणार. एवढंच तर काम! आम्ही नुसत्या हवेत होतो.

एका सकाळी केंद्राच्या सचिवांचा फोन आला. "म्याडम, एकाचा नमुना नासका निघाला, तर सगळ्या गावाचं दूध अडकलंय."

नासक्या नमुन्याचं फॅट वाचता येईना म्हणून प्रोग्रामने एक्सेप्शन, म्हणजे चुकीचा इशारा, फेकलं होतं. ते कुणी झेललंच नाही, त्यामुळे सगळा प्रोग्राम आडवा. "ट्राय-कॅच घाल आणि चहा सांग," मैत्रीण म्हणाली. मी तो चूक झेलणारा कोड घातला. चूक झेलल्यावर पुढे काय करायचं, ते कॅचच्या कंसात मात्र काहीच लिहिलं नाही. चूक आली की गुपचूप गिळून टाकायची, झालं.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा फोन. "तुमी येऊन बघाच. लोकं लायनीत भांडायला लागलीत."

स्कूटीवरून पोहोचलो तर एका धिप्पाड म्हशीच्या मालकामागे उभं राहायला ही झुंबड! नमुना नासका निघाला की चूक गिळली जायची आणि आधीच्या माणसाचं फॅट तसंच राहून मागच्याच्या पावतीवर छापलं जायचं, आणि म्हशीच्या दुधाचं फॅट गाईपेक्षा कितीतरी जास्त. गावाला हे कळलं होतं. आमच्यादेखत एका काकूंनी पदराआडून नमुन्यात लिंबू पिळलं आणि म्हशीवाल्याच्या मागे साळसूद उभ्या राहिल्या. मैत्रीण खांबाला धरून हसत सुटली. मला तर सचिवांकडे बघायचीही सोय उरली नाही.

खोलीवर परतल्यावर ती फळ्यापाशी गेली. "चूक फेकायचीच नाही. परत द्यायची."

मग आम्ही सुटलोच. फॅट वाचणारी मेथड, म्हणजे प्रोग्रामचा तेवढाच तुकडा, आता एकच ऑब्जेक्ट, जणू एक डबा, परत देणार. त्यात एक तर आकडा, नाही तर तो का मिळाला नाही याचं कारण. आकडा असेल तर पुढचं फंक्शन दर काढणार. कारण असेल तर ते जसंच्या तसं पुढे सरकवणार. शेवटी पावती छापताना दोन्हींचं काय करायचं ते लिहावंच लागणार, नाही तर कोड तपासणारा कंपायलर अडवणार. क्लास, म्हणजे प्रोग्रामचे बाहेरचे कप्पे, सगळे जुनेच, आत फक्त फंक्शनची साखळी. एकेक ट्राय-कॅच उडवताना मैत्रीण चक्क आरोळी ठोकायची.

नवा प्रोग्राम घेऊन आम्ही केंद्रावर हजर. म्हशीवाल्याची पावती निघाली. मागे काकू. मशीन घरघरलं आणि सचिवांनी पावती मोठ्याने वाचली, "फॅट मोजता आलं नाही. नमुना नासलेला."

"आं? मग ह्यांच्या म्हशीचं फॅट कुठं गेलं?" काकू बोलून गेल्या.

सगळी रांग खदखदून हसली. कॅनवर थापा पडल्या, म्हशीवाला तर खालीच बसला. काकूही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. सचिवांनी बाजूला त्यांचा ताजा नमुना घ्यायला घेतला, तोवर इकडे मागच्यांच्या पावत्या सटासट निघत होत्या.

"आमची जर्सी गाय म्हातारी हाय गं पोरींनो," त्या आम्हाला म्हणाल्या, "पन दूध लई गोड देती. या कधी चहाला."

कधी कशाला? त्यांची पावती हातात पडल्या पडल्या आम्ही त्यांच्यामागून निघालो.