नांदेल, नांदवेल

निलंग्याच्या तहसील कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली माझं टेबल आहे. मी विरूपाक्ष, अर्जनवीस. लोकांचे अर्ज, वाटणीपत्रं आणि नवरा-बायकोच्या समजुतीचे कागद लिहितो. शेजारी संगणकवाले चार बसलेत, पण समजुतीचा कागद माणसं अजून माझ्याच हातचा मागतात. त्यातलं शेवटचं वाक्य मला झोपेतही येतं: 'मुलगी नांदेल, मुलगा नांदवेल.' तीस वर्षांत हजारभर वेळा लिहिलं असेल. त्यात खटकण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही, आणि जिला वाटलं असेल तिला आम्ही कधी विचारलं नाही.

कावेरीबाईचाही कागद मीच लिहिला होता. तेव्हा ती एकोणीस वर्षांची. बैठक बसली, पंचांनी ठरवलं, मी लिहिलं, तिनं सही केली आणि तिला भोकरकडच्या सासरी जीपमध्ये घालून पाठवलं. आठ महिन्यांनी ती परत आली ती उजवं मनगट मोडूनच. ते हाड नीट बसलं नाही. आजही पेन धरताना तिचा हात वाकडा पडतो. पण त्याच हातानं तिनं बाहेरून बीए केलं, लातूरला जाऊन समाजकार्याची पदवी घेतली आणि आता एका संस्थेच्या कुटुंब समुपदेशन केंद्रात बसते. केंद्र म्हणजे माझ्या टेबलासमोरची एक खोली. खोली श्रीमंतअण्णांची. अण्णा म्हणजे तालुक्यातल्या निम्म्या सोयरिकी जुळवणारा आणि उरलेल्या निम्म्या मिटवणारा माणूस.

आल्या आल्या या बाईनं काय केलं असेल? खोलीतल्या बारा खुर्च्यांपैकी नऊ संस्थेला परत पाठवल्या. उरल्या तीन. एक तिची, एक नवऱ्याची, एक बायकोची. बाकी मामा, चुलते, मध्यस्थ, सगळे बाहेर ओट्यावर उभे. कुणी कुरकुर केली की म्हणते, "बसायला जागा न्हाई, काय करू?" आमच्याकडं बसल्याशिवाय बैठक होत नाही. उन्हात अर्धा तास उभं राहिलं की भल्याभल्या पंचांचा जोर उतरतो. मी टेबलावरून बघायचो आणि पोट धरून हसायचो.

मागच्या फेब्रुवारीत सृष्टीचं प्रकरण आलं. ही औशाजवळच्या गावची पोरगी, लातूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. शिक्षण पुरं करू देऊ असा शब्द घेऊन आमच्या तालुक्यात लग्न झालं होतं. तीन महिन्यांत सासरे शिवप्पा म्हणाले, बस झालं शिक्षण. तरी ती पुस्तकांची पिशवी घेऊन एसटीला निघाली, तेव्हा नवऱ्यानं, मल्लिनाथनं, अख्ख्या स्टँडवर तिच्या मुस्काटात मारली. ती तशीच माहेरी गेली आणि ठाण्यात तक्रार दिली. ठाण्यातून सांगितलं, केंद्राच्या शिक्क्याचा समजुतीचा कागद आणा, मग बघू. परीक्षा मे महिन्यात होती. त्याआधी पोरगी सासरी नेली की परीक्षा बुडाली, हे शिवप्पांना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांना घाई.

एका मंगळवारी दोन जीप भरून माणसं आली. अण्णांनी आधीच माझ्याकडून कागद लिहून घेतला होता. नेहमीचाच. खोलीत मल्लिनाथ आणि सृष्टी बसलेले, अण्णा आणि शिवप्पा उंबऱ्यात, बाकीचे ओट्यावर. अण्णांनी कागद पुढं केला. "मार शिक्का, कावेरी. पोरगी तयार हाय."

कावेरीबाईनं कागद सावकाश वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मल्लिनाथला विचारलं, "ही नांदंल म्हणून लिवलंय. तू नांदशील का?"

मग ओट्यावर हशा पिकला. शिवप्पा म्हणाले, "बाप्या माणूस कुठं नांदत असतो का, बाई?"

"कामून? अक्षता टाकताना 'सुखानं नांदा' म्हणलाव, ते दोघांस्नी का एकटीला?"

हसू एकदम थांबलं. मल्लिनाथ बापाकडं बघायला लागला. मीही टेबलावर पेन तसाच धरून बसलो. हजार वेळा लिहिलेला शब्द, आणि त्याला दुसरी बाजू असते हे मला त्या दिवशी कळत होतं. लाज वाटली म्हणा, राग आला म्हणा.

"शब्दाचे खेळ नको," अण्णा गरजले. "पोरीला विचार, येती का न्हाई."

सृष्टी उठून उभी राहिली. "मी तयार हाय असं कोण म्हणलं? मला कुणी विचारलंच न्हाई. हे नांदतो म्हणले तर येईन. ते बी परीक्षा झाल्यावर. न्हाईतर न्हाई."

शिवप्पा पोराचा दंड धरून बाहेर पडले. अण्णा मात्र उंबऱ्यातच उभे राहिले. "खोली माझी हाय, कावेरी. उद्यापासून खाली कर."

"उद्या कशाला? आत्ताच करते की."

आणि केली. वाकड्या हातानं एकेक करून तिन्ही खुर्च्या बाहेर काढल्या आणि माझ्या टेबलाशेजारी लिंबाखाली मांडल्या. केंद्राच्या कागदांचं कपाट मी आणि सृष्टीनं मिळून उचललं. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "तू बी का, विरूपाक्षा?" कपाट जड होतं, मी तसाच पुढं चालत राहिलो. पण खाली ठेवलं तेव्हा छाती चांगली रुंद झाली होती, हे कबूल करतो.

त्यानंतर केंद्र लिंबाखालीच भरलं. संस्थेची पत्रं आली, जागा बघा म्हणून. बघू, कावेरीबाई म्हणाली. लोक यायचे थांबतील असं अण्णांना वाटलं होतं. उलट, कचेरीत सातबारा काढायला आलेल्या बायका बाजूला उभ्या राहून ऐकायला लागल्या आणि जाताना आपलंही सांगून जायला लागल्या. सृष्टी लातूरला मैत्रिणीच्या खोलीवर राहून अभ्यास करत होती. तिच्या गावचे लोक तिच्या बापाला टोचून खात होते. तो बाप दोनदा माझ्याकडं आला, "जाऊ द्या अप्पा, लिहून टाका," म्हणाला. मी पेनाचं टोपण काढलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात मल्लिनाथ एकटाच आला. बाप नाही, जीप नाही. कावेरीबाईसमोर बसला आणि मान खाली घालून म्हणाला, "मी नांदतो म्हणायला तयार हाव."

"मला कामून सांगून राहिलास? मी काय तुझ्या घरी नांदायला येणार हाय?"

तो उठला, लातूरच्या गाडीत बसला. तिथं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. शेवटचा पेपर झाल्यावर दोघं लिंबाखाली आली. सृष्टी म्हणाली, तिला लातूरच्या दवाखान्यात नोकरी मिळतेय, राहायचं लातूरला. दोघांनी. पुन्हा हात उचलला तर त्याच दिवशी ठाण्यात. मल्लिनाथनं सगळ्याला हो म्हटलं. शेवटी बापापासून वेगळं राहायचं निघालं तेव्हा त्यानं एकदा रस्त्याकडं बघितलं, पण हो म्हणाला.

मी कागद घेतला. सगळं लिहिलं आणि शेवटच्या ओळीशी हात थांबला. हात आपोआप जुन्या वळणावर चालला होता, 'मुलगी नांदे' इथवर आलाही होता. मी ते खोडलं. खोडलेला कागद चालत नाही म्हणून दुसरा घेतला, परत सगळं पहिल्यापासून उतरवलं आणि खाली लिहिलं: 'दोघं नांदतील.'

कावेरीबाईनं तो वाचला. मग कपाटातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक पिवळा पडलेला कागद काढला आणि त्याच्या शेजारी ठेवला. तिचा स्वतःचा. भोकरला पाठवतानाचा. दोन्हीकडं अक्षर माझंच.

तिनं नव्या कागदावर शिक्का मारला. वाकड्या मनगटानं, दणकून.

"लई उशीर केलाव, अप्पा," ती म्हणाली.