पाच हातांची मेढ

माझा थोरला भाऊ मला गेली तीसेक वर्षं 'गुरुजी' म्हणत आला. जव्हारला मास्तरकी लागली, तिथेच स्लॅबचं घर बांधलं, आणि दादाच्या तोंडातला 'तू' हळूच निघून गेला. आमच्या गावी, दाभोशाला, त्याच्याकडे गेलो की तो लगबगीने आतून प्लास्टिकची खुर्ची आणायचा, फडक्याने पुसायचा आणि स्वतः खाली बसायचा. 'तुमी बसा, गुरुजी.' ज्याने मला खांद्यावर बसवून नदी ओलांडून शाळेत नेलं, त्याने मला खुर्चीत बसवावं, हे मला सहन होत नसे. पण सांगणार कसं? बसायचो आपला पाहुण्यासारखा.

आमचं जुनं घर नदीच्या काठाला, जरा उंचावर होतं. वडलांनी बांधलेलं. सागाच्या मेढी, म्हणजे वर बेचकं असलेले खांब, जमिनीत पुरायच्या. त्या बेचक्यांत आडवी लाकडं बसवायची, की झाला सांगाडा. भिंती कारवीच्या काठ्या विणून केलेल्या कुडाच्या, शेणमातीने लिंपलेल्या. पण वरची वीतभर जागा आई मुद्दाम लिंपत नसे, चुलीचा धूर तिथून जायचा आणि जाता जाता लाकूड टणक करायचा. छपराला आधी गवत होतं, मी चौथीत असताना कौलं आली. पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पळसाच्या पानांची ताटी लावायची. घराची पाठ नदीकडे, कारण वारा तिकडून. पुढे नोकरीत दोन वर्षं मी डहाणूकडे होतो, तिथल्या बंदराकाठची जुनी घरंही तशीच वाऱ्याकडे पाठ करून बसलेली पाहिली आणि बरं वाटलं. शहाणपण काही आमच्या एकट्याचं नव्हतं.

ते घर पडलं तेव्हा दादाने कौलं उतरवून रचून ठेवली आणि वर रस्त्यालगत पक्कं घर बांधलं. काठावरची जागा मोकळीच राहिली.

निवृत्त झाल्यावर माझ्या डोक्यात खूळ शिरलं, त्या जागेवर तसंच घर उभं करायचं. बायको म्हणाली, "इथे सहा खोल्या झाडून होत नाहीत, आता सारवायला कोण येणार?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दादाला विचारलं तर तो मान खाली घालून म्हणाला, "जागा तुमचीच हाय, गुरुजी." होकार मिळाला, पण असा, जसा साहेबाला देतात. खरं तर मला जागा नको होती. मला त्या काठावर पुन्हा दादाचा भाऊ व्हायचं होतं.

दादाला त्रास नको म्हणून लाकडाचं मीच पाहिलं. दाराकडची मेढ पाच हात, हे वडलांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. एक हात म्हणजे दीड फूट, हे मी जन्मभर फळ्यावर लिहिलेलं. टेप लावला, वखारीत साडेसात फुटांच्या मेढी कापून घेतल्या आणि टेम्पोतून ऐटीत काठावर उतरवल्या.

दादा आला. एका मेढीभोवती दोनदा फिरला.

"ह्या कोनी मापल्या?"

"मीच. पाच हात आहेत बरोबर."

"कोनाचा हात?"

"हात म्हणजे दीड फूट, दादा."

त्याने माझं मनगट धरलं, माझा हात कोपरापासून मेढीवर ठेवला आणि बोटाच्या टोकाशी कोळशाने रेघ मारली. असं चारदा. पाचव्या वेळी माझी बोटं लाकूड संपून हवेत गेली. मग मला आठवलं. ज्याचं घर, त्याच्याच हाताने मेढ मापायची, म्हणजे उंच माणसाला उंच दार मिळतं. वडील बुटके होते, त्यांच्या पाच हातांत त्यांचं भागलं. मी ताडमाड.

"अरं येड्या!" दादा ओरडला. "हात केवढा लांब तुजा, आन् दीड फूट सांगतोस? पोरांना शिकवलास तरी काय तू जलमभर?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. इतक्या वर्षांनी भावाने 'तू' म्हटलं, तेही शिव्या घालत. मला इतका आनंद झाला की मी वेड्यासारखा नुसता मान हलवत राहिलो. नव्या मेढी आणतो म्हटलं, तर आणखी ओरडा बसला. एवढा साग वाया घालवायचा नाही, मेढी सव्वा हात पुरायच्याच, आणि दार बुटकं तर बुटकं.

कारवी दादाने आणली. कूड आम्ही दोघांनी विणला, माझा भाग त्याने दोनदा उसवला. कौलं वडलांच्याच घराची चढली. वरची वीतभर जागा वहिनीने मोकळी सोडली. सारवायला चक्क बायको आली, कुरकुरत आली आणि आठवडाभर राहिली.

आता आम्ही महिन्यातले पंधरा दिवस तिथेच असतो. परवा दुपारी पाण्याची कळशी घेऊन आत शिरताना पुन्हा कपाळ आपटलं. दादा आत सुपारी कातरत बसला होता. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

"वाक की जरा," तो म्हणाला. "घर तुजाच हाय."

कपाळ चोळत मी त्याच्या शेजारी भुईवर बसलो. खुर्ची आणायला कोणी उठलं नाही.